तुषार संचाचे अडकलेले पाइप-जोड कसे सोडवाल?

बीड जिल्ह्यात विहीर-बोअरच्या पाण्यावर हरभऱ्याला तुषार संच लावत असाल, तर पाइपचा जोड अडकण्याचा अनुभव तुम्हाला असेलच. ऐन घाटे भरताना विजेची पाळी यात वाया जाते. घाईत हातोडा मारला, तर कपलरला तडा जातो.

जोड का अडकतो?
जड पाण्यातील कॅल्शियमचे क्षार खाचेत साचून घट्ट होतात. वाळू-चिखल अडकतो. उन्हाने कडक झालेली रबर रिंग पाइपला चिकटते.

कसा सोडवाल?
१. मोटार बंद करून पाइपातील दाब पूर्ण उतरू द्या. मग दोन्ही बाजूंच्या कड्या काढा.
२. जोडावर पाणी ओतून माती धुवा. पांढरा थर दिसल्यास व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवा. बुडबुडे आले, तर क्षार विरघळत आहेत असे समजा.
३. साबणाचे पाणी सोडा. पाइप थोडा डावी-उजवीकडे फिरवत सरळ रेषेत ओढा, वाकवू नका.
४. जाळ दाखवू नका, प्लॅस्टिकचा आकार बिघडतो. डिझेल किंवा ऑइलही लावू नका, त्याने रबर फुगते.

पुन्हा अडकू नये म्हणून
जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडे पुसा व रिंगला साबणाचे पाणी लावा. हंगाम संपल्यावर रिंगा काढून, धुऊन सावलीत ठेवा. पाइपही उन्हात टाकू नका. चिरलेली रिंग लगेच बदला. नवी रिंग स्वस्त पडते, कपलर नाही.