पत्ता हेच नाव : '१६/३३० खजूर रोड'

'इंडियन ओशन' या दिल्लीच्या रॉक बँडने २०१० साली आपला '१६/३३० खजूर रोड' हा संगीतसंच विकलाच नाही. जुलैपासून दरमहा एक याप्रमाणे त्यातील सात गाणी त्यांनी महाजालावर विनामूल्य ठेवली. कंपन्यांची दारे त्यांना बंद होती असे नव्हे. पहिला संच १९९३ मध्ये एचएमव्हीने काढला होता, तर २००० सालचा 'कंदिसा' टाइम्स म्युझिकने. तरीही त्यांनी हा मार्ग निवडला, म्हणूनच त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या निर्णयाचे वर्णन बहुधा औदार्य म्हणून होते. आम्हांला त्यात व्यवहारही दिसतो. ज्यांचा चरितार्थ मैफलींवर चालतो, त्यांना तबकडी फुकट देणे परवडू शकते. मात्र या व्यवहारातून जे साधले ते निव्वळ आर्थिक नव्हते.

बँडचे गायक व तालवादक अशीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी निवर्तले. त्यांचा आवाज आधीच मुद्रित झालेला होता. सातही गाणी एकदम तबकडीवर आली असती, तर हा संच स्मृतिग्रंथ ठरला असता. एकदा हाती घ्यावा आणि आदराने कपाटात ठेवावा असा. क्रमशः आल्यामुळे मात्र दिवंगत गायक एखाद्या स्तंभलेखकासारखा महिन्यामहिन्याने बोलत राहिला. पुढचे गाणे यायचे आहे, या अपेक्षेने शोकाला थोडे थोपवून धरले.

साहित्याच्या अभ्यासकांनी 'डरते हो' मुद्दाम ऐकावे. उर्दूत मुक्तछंद रुजविणारे नून मीम राशिद (१९१०-१९७५) यांची ही कविता. आणि २०१० हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष. कवितेतला 'तुम्ही' कागदावर एकट्या वाचकाला गाठतो. गाण्यात तोच प्रश्न समूहाच्या तोंडी येतो आणि त्याचा रोख सभेकडे वळतो. आमच्या मते हे कवितेचे निव्वळ गायन नव्हे, तो तिचा अन्वयार्थ आहे. याच कवितेवरचे त्यांचे गाणे त्याच वर्षी 'पीपली लाइव्ह' चित्रपटातही आले, आणि त्याचे संगीत टी-सीरीजने काढले. स्वातंत्र्य असे फारसे सोवळे नव्हते, हे नोंदवलेले बरे.

शीर्षकातला पत्ता करोल बागेतील एका जुन्या घराचा. तेथे हा बँड वर्षानुवर्षे सराव करी. जयदीप वर्मा यांच्या 'लीव्हिंग होम' या माहितीपटात ते घर पाहावयास मिळते. गिटारवादक सुश्मित सेन २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले, आणि त्या घरात जमणारी चौकडी त्यानंतर उरली ती फक्त ध्वनिमुद्रणांत.