ग्राफिक्स कार्ड : चित्रदोषांची तपासणी

नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर पडद्यावर चुकीचे रंग, ठिपके, पट्टे, ताणले गेलेले आकार किंवा लुकलुक दिसते का, आणि दिसत असेल तर दोष कार्डाचाच आहे का, हे ठरवण्याची पद्धत. अशा दोषांना गेमर, दुकानदार आणि दुरुस्ती करणारे सगळेच ‘आर्टिफॅक्ट’ म्हणतात. तपासणीचा कस लागतो तो दुसऱ्या प्रश्नात. चित्र बिघडलेले कोणालाही दिसते. ते मेमरीत बिघडले, चिपमध्ये, केबलमध्ये की गेमच्या प्रोग्रॅममध्येच, हे शोधल्याशिवाय कार्ड परत केले तर बदलून आलेल्या कार्डावरही तोच प्रकार दिसू शकतो.

कार्डावरच्या मेमरीत (व्हीरॅम) पोत, आकारांचे बिंदू, हिशेबाचे प्रोग्रॅम आणि तयार झालेले चित्र असे सगळेच साठवले जाते. त्यातला एक बिट उलटला तर काय होईल, हे तो कुठे उलटला यावर अवलंबून असते. एखाद्या ठिपक्याच्या लाल रंगाची किंमत ४० आहे असे धरू. सर्वांत वरचा बिट उलटला तर ती १६८ होते आणि गडद भिंतीवर लालभडक ठिपका उमटतो. सर्वांत खालचा बिट उलटला तर ४० चे ४१ होतात आणि जगातला कोणताही डोळा ते टिपू शकत नाही. असाच वरचा एखादा बिट एखाद्या आकाराच्या कोपऱ्याच्या स्थानात उलटला तर त्रिकोण ताणला जाऊन भाल्यासारखा पडदाभर पसरतो. प्रोग्रॅमच्या सूचनेत उलटला तर चित्र बिघडण्याऐवजी ड्रायव्हरच अडकतो. मेमरीची एखादी चिप खराब असेल तर दोष ठरावीक अंतराने चौकड्यांसारखा दिसतो, कारण २५६ बिटांच्या कार्डात माहिती साधारणतः ३२ बिटांच्या ८ चिपांमध्ये आळीपाळीने वाटलेली असते. म्हणून नुसते डोळ्यांनी पाहून ‘कार्ड ठीक आहे’ असे म्हणता येत नाही.

दोष दिसला की पहिली कृती सोपी असते: स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्याच वेळी मोबाइलने पडद्याचा फोटोही काढावा. मग स्क्रीनशॉट दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडून पाहावा. ठिपके त्यातही असतील तर चित्र तयार होतानाच बिघडले आहे; संशय चिप, मेमरी, ड्रायव्हर किंवा गेमवर जातो. फोटोत आहेत पण स्क्रीनशॉटमध्ये नाहीत, असे असेल तर बिघाड चित्र तयार झाल्यानंतरचा आहे. तेव्हा आधी केबल बदलावी, मग कार्डाचा दुसरा पोर्ट, मग दुसरा मॉनिटर. मधूनच पडदा काळा होणे आणि पांढरे कण चमकणे यांमागे बऱ्याचदा हलकी केबल निघते. कॅबिनेटमध्ये कार्ड उभे बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर ती काढून कार्ड थेट मदरबोर्डवर लावून पाहावे. जुन्या पिढीची रायझर नव्या कार्डाचा वेग पेलत नाही. सगळे काही स्वस्त केबलवर ढकलणेही बरोबर नाही: कार्डाचा चित्र बाहेर पाठवणारा भाग बिघडला असेल तरी स्क्रीनशॉट स्वच्छच येतो.

विंडोज सुरू होण्याआधी, बायोसच्या पडद्यावरच पट्टे किंवा विस्कटलेली अक्षरे दिसली, आणि केबल व मॉनिटर बदलूनही राहिली, तर दोष हार्डवेअरचा असण्याची शक्यता फार मोठी. ड्रायव्हर तेव्हा कामाला लागलेलाच नसतो. उलट, दोष फक्त विंडोजमध्ये येत असेल तर जुना ड्रायव्हर डीडीयूसारख्या साधनाने पूर्ण काढून नवा टाकावा. विंडोज कार्डाच्या उत्तराची ठरावीक वेळ वाट पाहते (मूळ मर्यादा २ सेकंद). उत्तर आले नाही तर ड्रायव्हर नव्याने सुरू करते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते.

ताण-चाचणीत बहुतेकांची गल्लत होते. अर्धा तास फरमार्क चालवून कार्ड ‘पास’ ठरवणे ही सर्रास चालणारी पद्धत अपुरी आहे. फरमार्क चिप तापवते, वीजपुरवठा आणि पंखे तपासते; पण १६ जीबीच्या कार्डातला बराचसा भाग तिच्या वाट्याला येतच नाही. मेमरीसाठी ओसीसीटीमधील व्हीरॅम चाचणी किंवा मेमटेस्ट_व्हल्कन वापरावी. ही साधने ठरावीक आकडे मेमरीत लिहून परत वाचतात आणि फरक मोजतात, म्हणजे ४० चे ४१ झालेलेही पकडले जाते. थ्रीडीमार्कच्या ताण-चाचणीत एकच दृश्य २० वेळा चालते आणि फ्रेम दराची स्थिरता किमान ९७ टक्के लागते. आरटीएक्स ३०८० व ३०९० मधील जीडीडीआर६एक्स मेमरीत चुकलेली देवाणघेवाण ओळखून पुन्हा करण्याची सोय आहे. त्यामुळे मेमरीचा वेग जास्त वाढवला तर ठिपके येण्याऐवजी कार्ड मंदावते. चाचणी थंड कार्डावर, तापल्यावर आणि बंद ठेवून पुन्हा थंड झाल्यावर अशी तिन्ही वेळा घ्यावी. सोल्डरमधली बारीक भेग तापमान बदलताना उघडते आणि मिटते.

काही दृश्ये दोषासारखी दिसतात, पण कार्डाची नसतात. दोन पृष्ठभाग एकाच खोलीवर आले की ते एकमेकांत लुकलुकतात. मॉनिटर आणि कार्डाचा वेग जुळला नाही की चित्र आडवे फाटते. डीएलएसएससारख्या तंत्रामुळे हलत्या वस्तूमागे पुसट सावली राहते. नेमक्या त्याच जागी, दुसऱ्या संगणकावरही तेच दिसत असेल तर तो गेमचा प्रश्न.

कारखान्यातून दोष निसटतात याचे पुरावे आहेत. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिपांच्या कमकुवत बांधणी-साहित्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. तापणे-थंड होणे यांच्या फेऱ्यांनी त्या निकामी होत होत्या. २०१८ मध्ये आरटीएक्स २०८० टीआयच्या सुरुवातीच्या काही कार्डांवर ठिपके आणि चौकडे येऊ लागले, तेव्हा काही बोर्ड चाचणीतून निसटल्याचे कंपनीने मान्य केले. फेब्रुवारी २०२५ चा प्रकार वेगळा होता. काही आरटीएक्स ५०९० कार्डांमध्ये चित्राचे अंतिम ठिपके रचणारे १७६ पैकी १६८ च घटक (आरओपी) चालू होते. चित्र निर्दोष, वेग मात्र कंपनीच्याच सांगण्यानुसार सरासरी ४ टक्के कमी. जीपीयू-झेड उघडून तो आकडा पाहिला तरच हे कळत होते, म्हणून नव्या कार्डावर हे साधन पहिल्याच दिवशी उघडावे.

कार्ड लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन मागवा, खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ, खोक्यावरचा व कार्डावरचा सिरियल नंबर जुळल्याचा फोटो आणि बिल जपून ठेवावे. बदलून देण्याची मुदत थोडी असते. चाचण्या त्या मुदतीतच उरकाव्यात, आणि त्या पूर्ण होईपर्यंत ओव्हरक्लॉकिंग करू नये. तक्रारीसोबत स्क्रीनशॉट, मोबाइलचा फोटो, मेमरी चाचणीत आलेल्या चुकांची यादी आणि शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर तोच दोष आल्याचा पुरावा द्यावा. कूलर उघडून थर्मल पेस्ट बदलणे, कार्डाचा बायोस बदलणे किंवा ओव्हनमध्ये कार्ड भाजण्याचा जुना उपाय नव्या कार्डावर अजिबात करू नये. भाजलेले कार्ड कधीकधी काही दिवस चालते, पण त्यानंतर वॉरंटीचा दावा टिकत नाही.