परवाना दिल्लीचा आणि बीजिंगचा

मामाकडे गेलं की जिन्याखाली अजून त्याची जुनी बजाज चेतक दिसते. तिला चालू करायचं म्हणजे आधी एका अंगाला तिरकी करायची, मग किक! परवा मामाचा नातू नवी इलेक्ट्रिक चेतक घेऊन आला. मामाने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिचा क्लच कुठाय रे?" आम्ही सगळे हसलो. मामा हसला नाही. त्याची उभी हयात भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपात, लेथवर स्कूटरचे सुटे भाग कातण्यात गेली. नव्या गाडीत ना क्लच, ना कार्ब्युरेटर.

घरी आल्यावर या चेतकची कुंडलीच मांडून बसलो.

इटलीच्या पियाजिओशी असलेला व्हेस्पाचा करार १९७१ साली संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीत राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक जन्मली. मागणी प्रचंड, पण वर्षाला किती गाड्या बनवायच्या हे दिल्लीचा परवाना ठरवायचा. त्यामुळे नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत, काही जण तर दहा वर्षं. परकीय चलनात पैसे भरले तर मात्र गाडी लवकर मिळे! दुबईला काका असणं ही तेव्हा चैन होती ती अशी.

मग दारं उघडली. १९८४-८५ च्या सुमारास जपानी होंडा इथल्या कंपन्यांशी भागीदारी करून आली. १९९१ नंतर परवानेही गेले. लोक मोटरसायकलकडे वळले. बजाजने २००१ मध्ये पल्सर आणली. २००७ साली ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भाग घेतला आणि पुढे त्यांच्या लहान मोटरसायकली चाकणला बनून परदेशी जाऊ लागल्या. त्याच २००७ मध्ये करसवलतीच्या उत्तराखंडात, पंतनगरला नवा कारखाना सुरू झाला आणि आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन थांबलं. २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणंच सोडायचं जाहीर केलं.

गंमत पुढेच आहे. जानेवारी २०२० मध्ये चेतक इलेक्ट्रिक होऊन बाजारात आली आणि २०२२ मध्ये खास तिच्यासाठी आकुर्डीतच नवा कारखाना उभा राहिला. वाटलं, चला, वर्तुळ पूर्ण झालं.

पण तिच्या मोटरमध्ये लागतं रेअर अर्थ चुंबक, आणि त्यांचा व्यवहार जवळपास सगळा चीनच्या हातात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि जुलैत बजाजला इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन कमी करावं लागलं. म्हणजे फिरून परवानाच! तेव्हा दिल्लीच्या कागदासाठी गिऱ्हाईक थांबलं होतं, आता बीजिंगच्या कागदासाठी कारखाना थांबला.

जुने दिवस बरे होते असं मी म्हणणार नाही. दहा वर्षं थांबून मिळालेल्या स्कूटरचं कौतुक आपण आज करतो, तेव्हा थांबणाऱ्यांना विचारा! पण त्या स्कूटरचा बराचसा भाग आकुर्डी-भोसरीच्या लेथवर, मामासारख्यांच्या हातून जात होता. एखादा पार्ट अडला तर तो कुणाकडे मिळेल हे मामाला माहीत असे.

नातवाला मी चुंबकाचं सगळं समजावून सांगितलं. मामा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मग ते चुंबक इथे बनवायला कोण शिकतंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कुणी त्या कामात असेल तर जरूर कळवा. मामाला सांगायचंय.