फ्लॉपीत अडकलेला दुष्काळ

परवा माळा साफ करताना फ्लॉपींचा डबा निघाला. चिठ्ठीवर माझंच अक्षर: 'दुष्काळ २००३, रथ, पालिका'. तेव्हा मी एका साप्ताहिकासाठी बातम्या करायचो, पानंही आम्हीच पेजमेकरमध्ये लावायचो. साताऱ्याच्या मित्राकडून फ्लॉपी ड्राइव्ह आणला. बारापैकी पाच फ्लॉपी वाचल्या गेल्या. फाईल उघडली, तर माणदेशातल्या दुष्काळाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता उकिरडा!

फाईल खराब नव्हती. युनिकोड रुळायच्या आधीचा डीटीपीतला मराठी मजकूर असाच असायचा. आत कोड इंग्रजी अक्षरांचे, फाँट त्यावर मराठी आकार चढवायचा. फाँट गेला की मराठी गेली. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. खरं तर १९९१ मध्येच 'इस्की' हे भारतीय लिप्यांचं प्रमाण ठरलं होतं. कानपूर आयआयटीत सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे वाढवलेलं 'जिस्ट' त्यावरच चालायचं. पण आम्ही डीटीपीवाल्यांनी ते कुठे पाळलं? छापून अक्षर देखणं दिसलं, काम झालं.

आमच्या सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं कुलूप होतं, डोंगल. दुकान बंद झालं तेव्हा तेही भंगारात गेलं.

सॉफ्टवेअर जपून स्वस्तात वाटायचं काम जगाने केव्हाच करून दाखवलंय. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात 'वॉलनट क्रीक सीडीरॉम' कंपनी निघाली. 'सिमटेल' नावाच्या साठ्यात फुकट आणि शेअरवेअर प्रोग्रॅमचा ढीग होता, पण फोनच्या लाइनवरून एकेक उतरवायचा म्हणजे रात्र जायची. यांनी साठाच सीडीवर भरून विकला. एका सीडीत साडेचारशे फ्लॉपींचा माल! आपल्याकडे पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. २००५ पासून केंद्र सरकारनेही भारतीय भाषांचे फाँट आणि सॉफ्टवेअर सीडीवर फुकट दिले, आधी तमिळ, मग हिंदी, पुढे मराठीही. उबंटूवाले तर २०११ पर्यंत टपालखर्च सोसून जगभर सीडी पाठवायचे.

मग आमचे जुने मराठी फाँट का नाहीत असे मिळत? कारण वरच्या सगळ्यांना वाटायची मुभा होती. हे फाँट कंपन्यांचे. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची जादा प्रत स्वतःपुरती ठेवायला कायदा परवानगी देतो, वाटायला नाही. पण विंडोज ९८ च्या जमान्यातल्या त्या आवृत्तीवर आता कोण किती कमावणार? कंपन्यांनी 'वाटा' असं एक पत्र दिलं, तर तालुक्याच्या ग्रंथालयातही कोऱ्या सीडीच्या किमतीत प्रत देता येईल. कन्व्हर्टर आहेत, हे मान्य. पण फाईल कुठल्या फाँटमधली, हे आधी कळायला नको?

माझी एक फाईल शेवटी दहिवडीतल्या एका जुन्या डीटीपीवाल्याच्या कॉम्प्युटरवर उघडली. त्याच्याकडे तोच फाँट, डोंगलसकट. टँकरच्या फेऱ्यांची बातमी होती, वाडीवार. छापील अंक कधीच वाळवीने खाल्लाय. बाकीच्या चार फाईली दुसऱ्याच कुठल्यातरी फाँटमधल्या आहेत.

तेव्हा कुणाकडे १९९५ ते २००५ च्या काळातल्या मराठी सॉफ्टवेअरच्या सीडी, फ्लॉपी, डोंगल पडून असतील, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला एक निरोप द्या. मी गाडी घेऊन येतो.