बीटी शंटमधून गाळलेले नाव

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एकाने इंग्रजी सिनेमाचा एक तुकडा टाकला. ऑपरेशन थिएटर, टेबलावर तान्हे बाळ, आणि मागे स्टुलावर उभा राहून एक काळा माणूस गोऱ्या सर्जनला सूचना देतोय. खाली ओळ होती: ज्याच्यात टॅलेंट असते त्याला आरक्षण लागत नाही. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला.

सिनेमा २००४ सालचा आहे आणि त्यातला माणूस खरा आहे. त्याचे नाव व्हिव्हियन थॉमस. ज्याने ती ओळ लिहिली त्याने थॉमसचे आयुष्य वाचलेले नाही, एवढे नक्की. वाचले असते तर हे उदाहरण त्याने चुकूनही आपल्यापुढे ठेवले नसते.

मला थॉमस सापडला तो वॉर्डात. कामाचा भाग म्हणून मी हृदयाचा आजार घेऊन जन्मलेल्या मुलांच्या आईबापांसोबत कागदपत्रे घेऊन बसते. तिथे एकदा डॉक्टर म्हणाले, आधी बीटी शंट करू, मोठे ऑपरेशन बाळ जरा वाढल्यावर. बाहेर आल्यावर विदर्भातल्या त्या बापाने मला विचारले, "ताई, बीटी म्हणजे ते कापसाचंच का?" मला हसू आले, पण उत्तर मलाही माहीत नव्हते. घरी येऊन शोधले. बी म्हणजे ब्लेलॉक, टी म्हणजे टॉसिग. आणि अलीकडे काही ठिकाणी या दोघांच्या मध्ये तिसरे नाव लिहू लागले आहेत, थॉमस.

आधी आजार समजून घेऊ. काही बाळांच्या हृदयात जन्मतः चार दोष एकत्र असतात. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, शरीराला रक्त नेणारी महाधमनी त्या भोकाच्या वर सरकलेली, आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. फॅलो या फ्रेंच डॉक्टरने १८८८ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून आजाराला त्याचे नाव. फुप्फुसात पुरेसे रक्तच जात नाही, त्यामुळे प्राणवायू कमी पडतो आणि ओठ, नखे निळी पडतात. असे मूल चार पावले चालले की उकिडवे बसते. तसे बसल्याने पायांकडे जाणारे रक्त अडते, फुप्फुसाकडे थोडे जास्त वळते आणि त्याला बरे वाटते. अमेरिकेत डॉक्टरांना ही खूण लगेच दिसायची. आपल्याकडे सगळेच उकिडवे बसतात, त्यामुळे पोर दमून बसलेय की उगाच बसलेय हे घरच्यांच्या ध्यानात यायला वेळ लागतो.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९४० च्या आसपास अशी मुले डॉ. हेलन टॉसिग यांच्याकडे येत. टॉसिगबाईंना ऐकू फार कमी यायचे. त्या हाताच्या स्पर्शाने बाळाचे हृदय तपासत. त्यांच्या लक्षात आले की जन्मानंतर मिटणारी एक छोटी रक्तवाहिनी काही निळ्या बाळांत उघडी राहते आणि ती बाळे तग धरतात. ती मिटली की बिघडतात. मग तशी वाट मुद्दाम तयार करता येईल का? बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये उघडी राहिलेली अशी वाहिनी बांधून दाखवली होती. टॉसिगबाई त्यांच्याकडे गेल्या, पण त्यांनी रस दाखवला नाही. मग १९४३ मध्ये त्यांनी हॉपकिन्सचे शल्यप्रमुख अल्फ्रेड ब्लेलॉक यांना विचारले. नळकाम करणारा जसे पाइप फिरवून जोडतो, तसे काही करता येणार नाही का, असा तो प्रश्न होता. खोलीत ब्लेलॉकचा सहायकही होता. तो थॉमस.

थॉमसचा जन्म १९१० चा, लुईझियाना राज्यातला. नॅशव्हिलमध्ये वाढला. वडील सुतार, आणि पोरगाही त्यांच्या हाताखाली रंधा चालवायला शिकला. त्याला डॉक्टर व्हायचे होते. कॉलेजसाठी त्याने सुतारकामातून पैसे साठवले. १९२९ ची महामंदी आली, काम गेले आणि पुढे ज्या बँकेत पैसे होते ती बुडाली. डॉक्टरकी तिथेच संपली. फेब्रुवारी १९३० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लेलॉकच्या प्रयोगशाळेत त्याला काम मिळाले. काही दिवसांतच तो प्राण्यांवर नाजूक शस्त्रक्रिया करू लागला, रसायने मोजू लागला, नोंदी ठेवू लागला. हजेरीपटावर मात्र त्याची नोंद झाडूपोछा करणारा कामगार अशी होती आणि पगारही त्याच श्रेणीचा. आपल्याकडे याला वेगळे समजावून सांगायची गरज नाही. काम कुठलेही करा, रजिस्टरमध्ये तुमची जागा आधीच ठरलेली असते.

याच काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीलाच थॉमसच्या हातून काही चूक झाली आणि ब्लेलॉकने त्याला शिव्या दिल्या. थॉमसने कपडे बदलले, आत गेला आणि सांगितले की अशी भाषा ऐकून घ्यायला मला वाढवलेले नाही, माझा हिशेब करा. १९३० चा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला एक काळा विशीतला पोरगा, बाहेर नोकऱ्या नाहीत. ब्लेलॉकने माफी मागितली आणि पुन्हा तसे बोलणार नाही असा शब्द दिला. पुढची चौतीस वर्षे दोघांनी एकत्र काम केले. रक्त आणि शरीरद्रव कमी झाल्याने माणूस शॉकमध्ये जातो, हे या दोघांच्या प्रयोगांतून पुढे आले आणि दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे प्राण वाचवायला त्याचा उपयोग झाला. १९४१ मध्ये ब्लेलॉकला हॉपकिन्सचे बोलावणे आले तेव्हा त्याने थॉमसला सोबत नेले.

हॉपकिन्समध्ये काळ्यांसाठी शौचालये वेगळी होती. काळा माणूस तिथे दिसायचा तो झाडू घेऊन. पांढरा कोट घालून थॉमस व्हरांड्यातून चालला की लोक थांबून बघत. या माणसाने सुमारे दोन वर्षे, जवळपास दोनशे कुत्र्यांवर शस्त्रक्रिया केल्या. आधी कुत्र्यात निळ्या बाळासारखी स्थिती निर्माण करायची, मग हाताकडे जाणारी धमनी वळवून फुप्फुसाच्या धमनीला जोडायची. बाळाच्या रक्तवाहिन्यांना चालतील अशा सुया बाजारात नव्हत्या. त्याने मोठ्या सुया कापून, घासून, धार लावून लहान केल्या. सुताराच्या पोराचा हात तो! दीर्घकाळ जगलेल्या पहिल्या कुत्रीचे नाव ॲना. तिचे चित्रही हॉपकिन्सच्या भिंतीवर लागले.

२९ नोव्हेंबर १९४४. आयलीन सॅक्सन, वय पंधरा महिने, वजन साडेचार किलोच्याही आत. ब्लेलॉकने ही शस्त्रक्रिया स्वतः जेमतेम केलेली होती, थॉमसने असंख्य वेळा. म्हणून ब्लेलॉकने थॉमसला बोलावून आपल्या मागे स्टुलावर उभे केले. टाका कुठून घ्यायचा, दिशा बरोबर आहे का, हे तो मागून सांगत होता. बाळाला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. कायद्याने डॉक्टर नसलेल्याला ती नसतेच, हे खरे. पण तो डॉक्टर का नव्हता, हा प्रश्न त्या स्टुलापाशी विचारला पाहिजे.

आयलीन त्या टेबलावर वाचली. काही महिन्यांनी ती पुन्हा निळी पडली आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर गेली. पण पुढची मुले जगली. तिसरा सहा वर्षांचा मुलगा तर टेबलावरच गुलाबी झाला. मे १९४५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ब्लेलॉक आणि टॉसिग यांचा लेख आला. जगभरातून आईबाप निळी मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. लेखात थॉमसचे नाव नव्हते. नामकरण झाले, ब्लेलॉक-टॉसिग शंट.

त्या दिवसांत तो काय करत होता? दिवसा तरुण गोऱ्या सर्जनांना टाके घालायला शिकवत होता. डेंटन कूली यांच्यासारखे पुढे जगप्रसिद्ध झालेले सर्जन त्याच्याकडून शिकले. आणि संध्याकाळी, पगार पुरत नाही म्हणून, ब्लेलॉकच्या घरच्या पार्ट्यांत त्याच लोकांना दारू वाढत होता. १९४६ मध्ये बाबासाहेब ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागत होते. त्याच सुमारास थॉमसचा पगार ब्लेलॉकच्या रदबदलीने वाढला. रदबदलीने, हक्काने नव्हे.

काही कार्यकर्त्यांना तो मवाळ वाटेल. मलाही आधी वाटला. पण त्याचा भाऊ हॅरल्ड नॅशव्हिलमध्ये शिक्षक होता. काळ्या शिक्षकांना कमी पगार मिळतो म्हणून त्याने शिक्षण मंडळावर खटला भरला. थरगूड मार्शल त्याच्या बाजूच्या वकिलांत होते. १९४२ मध्ये खटला जिंकला आणि हॅरल्डची नोकरी गेली. घरातला एक जण लढून बेकार झालेला पाहिल्यावर दुसऱ्याने तोंड मिटून काम केले, तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

आता त्या ग्रुपवरच्या ओळीकडे येते. टॅलेंट असेल तर वाट सापडते म्हणतात. थॉमसला सापडली का? त्याने नंतर कॉलेजात चौकशी केली, तेव्हा पहिल्या वर्षापासून सगळे विषय घ्या असे उत्तर मिळाले. हिशेब केला तर डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी गाठली असती. त्याने तो विचार सोडला. गुणवत्ता त्याच्याकडे होती, पदवी नव्हती, आणि ज्यांच्याकडे पदवी होती ते त्याच्याकडून शिकून सर्जन झाले. गुणवत्तेला वाट आपोआप मिळते असे सांगायला याहून वाईट उदाहरण शोधून सापडणार नाही. शिवाय, ज्यांना ब्लेलॉक भेटलाच नाही असे किती थॉमस त्या शहरात खरोखरच फक्त झाडू मारत राहिले? त्यांच्यावर सिनेमा निघत नाही.

ब्लेलॉक १९६४ मध्ये वारला. थॉमसने घडवलेल्या सर्जनांनी वर्गणी काढून त्याचे तैलचित्र करवून घेतले आणि ते १९७१ मध्ये हॉपकिन्सला दिले. ते ब्लेलॉकच्या चित्राशेजारी लागले. १९७६ मध्ये विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. नियमांमुळे तीही वैद्यकशास्त्राची देता आली नाही, कायद्याची दिली.

आणि ज्या व्हँडरबिल्टच्या रजिस्टरमध्ये थॉमस झाडूवाला होता, तिथल्याच मेडिकल कॉलेजातून १९७० मध्ये लेव्ही वॉटकिन्स हा पहिला काळा विद्यार्थी डॉक्टर झाला. अलाबामाचा, नागरी हक्क चळवळीत वाढलेला. दार चळवळीने उघडले होते, त्यातून तो आत आला. हॉपकिन्समध्ये हृदयशल्यचिकित्सा शिकताना त्याला थॉमस भेटला. फेब्रुवारी १९८० मध्ये माणसाच्या शरीरात आपोआप चालणारे पहिले डिफिब्रिलेटर यंत्र बसवले ते याच वॉटकिन्सने. त्याआधी वर्षभर, १९७९ मध्ये, तो हॉपकिन्सच्या प्रवेश समितीवर गेला आणि देशभरातल्या काळ्या विद्यार्थ्यांना स्वतः पत्रे लिहून, गाठून बोलावू लागला. त्याच वर्षी थॉमस निवृत्त झाला.