मुलाचा शब्द कोणी मोजायचा?

मोरोपंतांचा जन्म १७२९ साली याच पन्हाळ्यावर झाला. शब्दांच्या अशा धनवंताच्या गावी आज आम्ही मोजक्या शब्दांवर दिवस काढणाऱ्या मुलांविषयी बोलणार आहोत.

डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या मुलांचं वर्णन केलं आणि चेहरा पाहून त्यांना ‘मंगोल’ ठरवलं. १९५९ मध्ये लेजून यांनी एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत दाखवून दिली. मंगोलियाच्या विनंतीवरून १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते नाव टाकलं. पण डाऊन यांनी त्याच लेखात एक मोलाची नोंदही केली होती. या मुलांचं बोलणं जड, अस्पष्ट असतं. जिभेच्या व्यायामाने ते पुष्कळ सुधारतं.

आता बघा, बोलणं अस्पष्ट असणं वेगळं आणि शब्दच नसणं वेगळं. मोजताना मात्र दोन्हींची गल्लत झाली. बिने यांची बुद्धिमापन चाचणी १९०५ ची. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० चं. आपल्या सीमाभागाला हा मोठाच आधार झाला. पण चाचणीचा भर तोंडी उत्तरांवर. ज्याला कळतं पण जीभ साथ देत नाही, त्याची झोळी तिथे रिकामीच दिसणार.

१९९० च्या दशकात मॅकआर्थर-बेट्स शब्दयाद्या आल्या. त्यांत आईवडिलांनाच विचारतात: मुलाला कोणते शब्द कळतात, कोणते बोलता येतात? डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं समजणं बहुधा बोलण्याच्या पुढे असतं. पुष्कळांना खुणा आधी जमतात. म्हणून रकाने तीन हवेत: कळतो, खुणेने सांगतो, तोंडाने म्हणतो. पोर दर वेळी भाकरीलाच ‘बाई’ म्हणत असेल, तर तो शब्द धरायचा. आणि आधी कान तपासायचे. या मुलांच्या मधल्या कानात द्रव साचून ऐकू कमी येणं नेहमीचं आहे.

आई माया करते, जास्तच सांगेल, अशी शंका येते. म्हणून तज्ज्ञाने मुलाशी खेळत स्वतःही ऐकावं. पण आमच्या न्यायशास्त्राने आप्ताचं वचन प्रमाण मानलं आहे. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो. रोज भाकरी वाढणारी आई या प्रश्नात आप्त नाही, तर मग कोण?