विजापूर : प्रेक्षणीय स्थळे

विजापूर (विजयपुरा, कर्नाटक) ही आदिलशाहीची राजधानी. १६८६ मध्ये औरंगजेबाने ती जिंकली. बहुतेक प्रवासी गोल घुमट पाहून परततात. मुहंमद आदिलशाहाच्या (मृत्यू १६५६) या कबरीवरील घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मी. असून त्याखाली एकही खांब नाही. सारा भार एकमेकींना छेदणाऱ्या कमानी पेलतात. तरीही ही राजधानी खऱ्या अर्थाने उलगडते ती पाण्याच्या वास्तूंतून. कोरड्या पठारावर एवढे मोठे शहर जगले ते तोरवी आणि बेगम तलावाकडून आणलेल्या पाण्यावर. वाटेतले ‘गंज’ नावाचे मनोरे नळांतील दाब आटोक्यात ठेवत आणि गाळ खाली बसवत. भव्य कमानीतून पायऱ्यांनी पाण्याकडे उतरणारी ताज बावडी (१६२०) त्याच गरजेतून उभी राहिली.

या वास्तू पडझडीला आल्या, शिवाय ‘इब्राहिम रोजा’ या शाही कबरीच्या दगडी जाळ्यांतले कोरीवकाम त्यांत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र सौंदर्याची ती कसोटी दरबाराची आहे. रोजा आणि घुमट सुलतानांची स्मृती जपतात, सामान्य रयत कशी राहत होती हे सांगत नाहीत. म्हणून विजापुरास येणाऱ्याने ताज बावडी आणि एखादा तरी गंज पाहिल्यावाचून परतू नये.